वळणाची पंगत कशी मोडली

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या हाती पळी तिला आधी नमन, जिच्या पुढे रिकामी थाळी तिला त्याहून आधी नमन, आणि जे भरल्या पोटी दुसऱ्यास शिस्त सांगतात त्यांस नमन नाही, रागावले तर रागावोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी बहुत, ते समयी अमुक एका राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर बाकीची राज्ये म्हणतील हे आमचे नव्हे, आणि सुटतील.

राज्य म्हणजे एक शाळा. माळावर चार खोल्या, वर पत्रा, पुढे लांब ओसरी, आणि ओसरीच्या टोकास स्वयंपाकाची खोली. गादीवर हेडमास्तर त्र्यंबकराव महाराज विराजमान होते. महाराज मोठे शिस्तीचे, प्रार्थनेस कोणी खोकला तरी मान वळवून पाहणारे, आणि त्यांनी राज्यारोहण केल्यापासून एक रिवाज पाडिला, त्याचे नाव वळणाची पंगत. तो रिवाज ऐसा, की सकाळपासून जी लेकरे वळणाने वागली, हाताची घडी तोंडावर बोट ठेवून बसली, ती दुपारच्या सुट्टीत पहिल्या पंगतीस बसावीत. जी मध्यम वागली ती दुसऱ्या पंगतीस. आणि ज्यांनी दंगा केला, मारामारी केली, शिवी दिली, ती भिंतीस पाठ लावून उभी राहावीत, दोन्ही पंगतींस पाणी वाढावे, आणि सर्वांचे उरकल्यावर शेवटी बसावे. महाराज म्हणत की छडी न मारता राज्य चालविणारा मीच एक. आणि छडी खरोखरीच कोणास मारीत नसत, हे कबूल केले पाहिजे. आता पहिल्या पंगतीस भात वाफेचा, मटकीची उसळ दाट, मागेल त्यास दुसऱ्यांदा वाढप. दुसऱ्या पंगतीस भात निवालेला पण पोटभर. आणि शेवटच्या पंगतीची पाळी येई तो परातीत भाताची शिते आणि पातेल्यात रस्सा तळाशी. मग स्वयंपाकीण शेवंताबाई काय करतील, चुलीवरचे उकळते पाणी त्यात ओतीत, मीठ टाकीत, आणि त्यास आमटी म्हणत. आणि इतक्यात घंटा होई, मग भिंतीकडची पोरे ते कढत पाणी घटाघटा पीत, जिभा भाजून घेत आणि वर्गात पळत. हा रिवाज कोणास वाईट दिसला नाही. पूर्वी पंगती जातीवरून मांडीत, आता वळणावरून मांडल्या, म्हणून लोक म्हणाले सुधारणा जाहली. शेवटी बसणारी घरे मात्र बहुतकरून तीच राहिली, ते कोणी पाहिले नाही, आणि ज्यांनी पाहिले ते बोलले नाहीत.

त्या राज्यात चौथीचा सुभा मालनबाईंकडे होता. मालनबाई कामास चोख, आवाज खणखणीत, आणि वळणाची पंगत लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रोज सुट्टीआधी उभ्या राहून कोण कोठे बसेल ते पुकारीत. आणि त्याच सुभ्यात दुर्वाबाई नामे एक वीर होत्या, वय नऊ वर्षे, वेणी एक, तीही सुटलेली. लहान म्हणून आम्ही त्यांस एकेरी लिहिणार नाही; उपाशी माणसास निदान कागदावर तरी मान द्यावा. दुर्वाबाईंची आई मंदाबाई कांदा निवडायच्या शेडवर जात, टेम्पो अंधारात येई, आणि मागे दुर्वाबाई उठून धाकट्या भावाचे तोंड धुवीत, रात्रीची भाकर असेल ती त्यास भरवीत, त्यास शेजारी ठेवीत आणि आपण तशाच शाळेत येत. आणि तशाच आल्यामुळे दुसऱ्या तासापासून त्यांस राग येऊ लागे, मग कोणाचे दप्तर लाथाडीत, कोणाची पट्टी मोडीत, आणि मालनबाई म्हणत, ‘दुर्वा, भिंतीकडे.’ आणि भिंतीकडे गेल्या म्हणजे शेवटी बसत, आणि शेवटी बसल्या म्हणजे पाणी पीत, आणि पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या तासाला राग. ऐसे चक्र जूनपासून चालले होते आणि सर्व राज्य म्हणत होते की पोरगीच वांड आहे.

मग मार्गशीर्षात एके दिवशी ऐसे जाहले की पहिली पंगत उठली आणि शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव, त्यांचे चिरंजीव विराज हात न धुता भिंतीपाशी गेले. आणि क्षणात ओसरीवर किंकाळी उठली. मालनबाई धावल्या तो दुर्वाबाईंनी विराज यांचा हात दातांत धरिला होता आणि सोडीत नव्हत्या. मोठ्या कष्टाने सोडविला. विराज रडत बोलले, ‘बाई, ही चावली! रगत आलं!’ दुर्वाबाई बोलल्या, ‘त्यानंच हात माझ्या तोंडापाशी आणला.’ ‘आणला तर काय झालं? तू काय कुत्री हायस का?’ ‘तू हायस!’ ऐसा दोन्ही पक्षी संवाद जाहला. मग दौलतराव मोटारसायकलवर आले, चिरंजीवांस दवाखान्यात नेऊन सुई टोचून आणले, आणि महाराजांच्या खोलीत शिरून टेबलावर हात आपटून बोलले, ‘गुरुजी, ती पोरगी राहील नाहीतर माझा पोरगा राहील. तुमचं तुम्ही ठरवा.’ महाराजांनी ठरविण्यास वेळ लाविला नाही.

मंदाबाईंस बोलावणे गेले. त्या शेडवरून तशाच आल्या, अंगास कांद्याचा वास, डोक्यास फडके. महाराज बोलिले, ‘हे पहा, कायद्याने आम्हास काढता येत नाही. तुम्हीच अर्ज द्या की पोरीला दुसऱ्या शाळेत घालायची आहे, दाखला द्यावा. सही करा म्हणजे झाले.’ मंदाबाई बोलल्या, ‘दुसरी शाळा कुठं हाय गुरुजी? रस्ता ओलांडून पल्याड, तिथं डंपर धावतेत. मी अंधारात जाते, तिला पोचवील कोण?’ महाराज बोलिले, ‘तो विचार चावण्याआधी करायचा होता.’ मंदाबाई बोलल्या, ‘तिनं कराया पाहिजे होता का मी?’ महाराज चिडले. मंदाबाईंनी सही केली नाही, आणि महाराज बोलिले की अर्ज मागाहून घेऊ, दाखला आम्ही लिहून ठेवितो. परंतु लगेच देत नाही. कारण चार दिवसांनी वरिष्ठ साहेबांची स्वारी शाळा पाहण्यास येणार होती, तोवर पट भरलेला दिसला पाहिजे. साहेब गेले की दुसऱ्या दिवशी पोरगी हद्दपार. माणूस मोजण्यापुरते ठेवायचे आणि मोजून झाले की हाकलायचे, ही अक्कल राज्य चालविणाऱ्यांसच सुचते, आम्हा गरिबांस सुचत नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मालनबाईंनी दुर्वाबाईंस थांबविले आणि दटावून विचारिले, ‘खरं सांग, का चावलीस?’ दुर्वाबाई पायाच्या अंगठ्याने फरशी घासीत उभ्या राहिल्या. मग बोलल्या, ‘त्यो म्हणला, वास घे. रोजच म्हणतो. त्याच्या हाताला उसळीचा वास येत होता बाई.’ मालनबाई बोलल्या, ‘मग?’ दुर्वाबाई बोलल्या, ‘मग काय नाय. चावले.’ इतके बोलून दुर्वाबाई भावास आणावयास पळाल्या, आणि मालनबाई खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांस रडू आले नाही, राग आला, आणि राग कोणावर काढावा हे पाहू जाता दारात आपणच उभ्या दिसल्या, कारण भिंतीकडे पुकारणारा आवाज त्यांचाच होता.

दुसरे दिवशी मालनबाईंनी डबा आणिला नाही, सकाळचा चहाही घेतला नाही, आणि सुट्टीत जाऊन भिंतीस पाठ लावून पोरांच्या रांगेत उभ्या राहिल्या. पोरे खुदखुदू लागली. एक म्हणे, ‘बाई, तुमी कुणाला चावला?’ मालनबाई बोलल्या, ‘गप्प उभा राहा, मला भूक लागली आहे.’ मग पहिली पंगत जेवली, तिचा वास आला. दुसरी पंगत जेवली, तिचाही वास आला. आणि मग शेवटी मालनबाई मांडी घालून बसल्या, तो शेवंताबाईंनी पळी मागे घेतली. ‘बाई, तुम्हाला दुसरं देते की.’ ‘यांना जे तेच मला.’ ते पाणी मालनबाई प्याल्या, त्यांनी भाताची शिते वेचली, घंटा जाहली. आणि मग पाचव्या तासाला ऐसे घडले की फळ्यापाशी उभ्या एका पोराने पाढा चुकविला, आणि ज्यांनी सबंध कारकिर्दीत कोणावर हात उगारला नाही त्या मालनबाईंनी डस्टर फेकून मारिला. पोर वाकले म्हणून वाचले, डस्टर फळ्यास लागून पांढरा धुरळा उडाला. तेव्हां मागील बाकावरून दुर्वाबाई अगदी समजूत घालावी तैशा बोलल्या, ‘बाई, पाणी प्या अजून. थोडा वेळ बरं वाटतं.’

मालनबाई तडक महाराजांपुढे गेल्या आणि बोलल्या, ‘गुरुजी, वळणाची पंगत बंद करा. पोरं वांड आहेत म्हणून उपाशी नाहीत, उपाशी आहेत म्हणून वांड आहेत. मी एका दुपारीत वांड झाले.’ महाराज हसले. बोलिले, ‘बाई, गुन्हेगारास आधी वाढले तर उद्या सगळेच गुन्हे करतील.’ मालनबाई बोलल्या, ‘मग दुर्वाला आठवडाभर पहिल्या पंगतीस बसवून पाहा. नाही सुधारली तर दाखला मी स्वतः नेऊन देते.’ महाराज बोलिले, ‘विराजला चावली त्याचे हे बक्षीस? दौलतराव काय म्हणतील?’ मालनबाई बोलल्या, ‘दौलतराव काय म्हणतील हे तुम्ही पाहा. पोटात काय आहे हे मी पाहते.’ महाराज बोलिले, ‘बाई, तुमचा सुभा चौथीचा. चौथी सांभाळा.’ आणि ऐनेमहाल नसला तरी खोलीत एक आरसा होता, त्यात पाहून केस सारखे करू लागले. म्हणजे भेट संपली.

पुढे साहेबांची स्वारी आली. ओसरी सारविली, फुले लाविली, फोटो काढणारा आणिला. आता या राज्यात पाहुण्यांसाठी एक दरसालची करामत होती, तीही लिहिली पाहिजे. महाराज सर्वांसमक्ष हात जोडून म्हणत, ‘आधी लेकरे, मग आम्ही,’ आणि पाहुण्यांसह शेवटी चटईवर बसत, फोटो निघत, लोक म्हणत वाहवा काय नम्रता. आणि वाढायचे ते मात्र आतून निराळ्या कढईतून, जीत तूप, वाटाणे आणि मसालेभात मुद्दाम शिजविलेला असे. त्या दिवशी भिंतीकडची पोरे साहेबांच्या नजरेस पडू नयेत म्हणून स्वयंपाकाच्या खोलीमागे नेऊन बसविली होती, आणि सर्वांचे उरकल्यावर त्यांस द्यावे असा हुकूम होता. लेकरांच्या दोन्ही पंगती उठल्या. महाराज नम्र होऊन बसले, उजवीकडे साहेब, डावीकडे दौलतराव. आणि आत मालनबाईंनी पदर खोचला, कढईचे कान दोन फडक्यांनी धरिले आणि मागील दाराने कढई उचलून पोरांपुढे नेऊन ठेविली. शेवंताबाई बोलल्या, ‘अगं बाई, आता पाव्हण्यांना काय घालू?’ मालनबाई बोलल्या, ‘रोज शेवटी वाढता तेच घाला. पाणी उकळते आहे ना?’ शेवंताबाईंनी तोंडाला पदर लाविला. भ्याल्या की हसल्या ते कळले नाही.

मग ओसरीवर साहेबांच्या ताटात शिते आणि पाणी आले. साहेब बोलिले, ‘हे काय आहे?’ महाराजांनी वळून पाहिले आणि दात आवळून बोलिले, ‘बाई, कढई?’ मालनबाई मोठ्याने बोलल्या, ‘कढई शेवटच्या पंगतीकडे गेली, गुरुजी.’ फोटोवाला समोर, म्हणून महाराज हसले, साहेब हसले, दौलतराव हसले, आणि तिघांनी ते पाणी भुरकले. पाठोपाठ सभा. सभा लांबली, कारण सत्कार पुष्कळ होते. आणि पहिलीची एक पोरगी स्वागतगीतात अडखळली तो महाराज ओरडले, ‘पाठ करून येता येत नाही?’ पोरगी रडू लागली. साहेबांनी फोटोवाल्यास झिडकारिले. दौलतराव मधल्या खुर्चीवर बसले, ती महाराजांची होती, आणि दोघांत सगळ्यांदेखत जुंपली. ‘ऊठ म्हणतो ना!’ इतपत शब्द गेला. आणि इकडे भिंतीकडची सारी पोरे खाली गुपचूप बसली होती, एकजण झोपला होता, आणि दुर्वाबाई खांबास टेकून सुस्त होऊन सत्काराच्या टाळ्या अंमळ उशिरा वाजवीत होत्या.

तेव्हां मालनबाई उठल्या आणि कोणी न बोलाविता पुढे येऊन बोलल्या, ‘साहेब, या शाळेत जो ओरडतो, भांडतो, दुसऱ्याच्या जागेवर बसतो, त्याला आम्ही शेवटी जेवायला घालतो. आज कोण ओरडले आणि कोण भांडले ते सगळ्या लेकरांनी पाहिले. आणि ही भिंतीकडची. यांच्यातली एकही आज हलली नाही. का? यांनी आज तुमची कढई खाल्ली, आणि तुम्ही यांची आमटी प्यालात. मी हे मुद्दाम केले. काय करायचे ते माझे करा, पण उद्या ज्या पोरीला दाखला देणार तिची भूक दाखल्यावर लिहून द्या.’ साहेब बोलिले, ‘पाहू. चौकशी करू.’ आणि गाडीत बसून ढाब्याकडे गेले. वरून कोणी येऊन न्याय करील ऐसे ज्यास वाटत असेल त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

दुसरा दिवस उजाडला. मालनबाईंनी पंगत पुकारली नाही. सगळ्या लेकरांस, चारी सुभ्यांच्या, एक गोल करून बसविले, आणि मंदाबाई त्या दिवशी शेडवर खाडा करून आल्या होत्या, त्या वाढावयास उभ्या राहिल्या. दुर्वाबाईंचे ताट भरले. भात वाफेचा, उसळ दाट. आणि त्यांनी पहिला घास घेतला तो महाराज हातात दाखला घेऊन ओसरीवर आले आणि बोलिले, ‘दुर्वा, ऊठ.’ दुर्वाबाई अर्ध्या उठल्या. मालनबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसविले आणि बोलल्या, ‘गुरुजी, ती जेवते आहे. भरल्या ताटावरून लेकराला उठवता? उठवा. सगळ्यांसमोर उठवा.’ महाराज थबकले. त्यांच्याही घरी आई होती, त्यांनाही कोणी ताटावरून उठविले नव्हते, वैऱ्यासही उठवू नये हे लहानपणी ऐकले होते. बोलिले, ‘ठीक आहे. जेवण होऊ दे. मी थांबतो.’ आणि उभे राहिले. दुर्वाबाईंनी वर पाहिले, दाखला पाहिला, ताट पाहिले, आणि इतक्या सावकाश जेवू लागल्या की एकेक मटकी वेगळी चावली. ताट संपत आले तो शेजारची पोरगी ओरडली, ‘मावशी, हिला भात!’ मंदाबाईंनी वाढिला. तो संपतो तो पलीकडून, ‘हिला उसळ!’ मग सगळ्या गोलास उमज पडला. जिकडून तिकडून ‘हिला वाढा, हिला वाढा’ ऐसा गजर उठला, आणि आश्चर्य लिहितो, त्यात एक आवाज विराज यांचा होता. ते हाताला पट्टी बांधून ओरडत होते, गंमत म्हणून की मनापासून ते त्यांस ठाऊक.

घंटा जाहली, कोणी उठले नाही. महाराज उभेच. काल दुपारचे पाणी, रात्री संतापाने जेवण गेले नाही, सकाळी घाईत चहा, आणि समोर वाफ. पायावर पाय बदलू लागले. शेवटी शेवंताबाईंनी एक ताट वाढून त्यांच्या पुढ्यात ठेविले आणि बोलल्या, ‘गुरुजी, ही काय आज उठत नाही. तुम्ही तरी बसा.’ महाराजांनी ताटाकडे पाहिले, पोरांकडे पाहिले. मग दाखला घडी घालून खिशात ठेविला आणि दुर्वाबाई व एक नाक गळणारा पहिलीचा मुलगा यांच्या मध्ये जी जागा होती तेथे मांडी घालून बसले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. आणि एका पंगतीत जेवून मग त्याच पोरीस हाकलणे त्यांस त्या दिवशी जमले नाही, आणि पुढेही जमले नाही. चूक कबूल केली काय? नाही केली. आम्हास त्याची गरजही नाही.

येणेप्रमाणे वळणाची पंगत मोडली. दुर्वाबाई पाचवीत गेल्या, दंगा करतात, पट्ट्या अजून मोडतात, परंतु चावल्याचे पुन्हा ऐकिवात नाही. मालनबाईंची उन्हाळ्यात बदली जाहली, होणारच होती. नव्या राज्यात पहिल्या दिवशी त्यांनी शिरताच विचारिले की येथे शेवटी कोण जेवते. हे लिहिले ते मनोरंजनास्तव नव्हे. ज्या कोणाच्या राज्यात अजून लेकरांस वागणुकीच्या बदल्यात अन्न मोजून घालतात, त्यांनी भिंतीस पाठ लावून एक दुपार उभे राहावे. आपण होऊन राहिले तर उत्तम. न राहिले तर आम्ही येऊन उभे करू. लेखनसीमा.